झुंबरचा खाऊ

त्या वर्षी कापूस एकदम फुटला. एरवी पऱ्हाटीची बोंडे खालून वर, टप्प्याटप्प्याने उमलतात आणि माणसाला वेचायला सवड देतात. त्या आश्विनात ऊन असे कडक पडले की दसऱ्यापर्यंतच धामणगाव बढ्याच्या खालच्या अंगाची शिवारे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पांढरी झाली. मग ऊन मावळले आणि पश्चिमेला ढग जमू लागले. उमललेला कापूस पावसात सापडला की सरकीला चिकटतो, पिवळा पडतो आणि मलकापूरच्या बाजारात व्यापारी त्याला बोटाने चाचपून बाजूला सारतो. गावातल्या प्रत्येकाला एकाच वेळी वेचणाऱ्या बाया हव्या होत्या, आणि गावात बाया होत्या तेवढ्याच होत्या.

पुंजाजीला मात्र बाया शोधत फिरावे लागत नसे. त्या आपण होऊन त्याच्या शेतात येत. याचे कारण त्याची मुलगी झुंबर.

झुंबर नऊ वर्षांची होती. उंची चार वर्षांच्या पोराएवढी. वजन इतके कमी की बाप तिला एका हातावर बसवून दुसऱ्या हाताने बैल हाकी. डोक्यावर केस नव्हते, भुवया नव्हत्या. कानशिलांवरच्या निळ्या शिरा दुरून दिसत. नाक चोचीसारखे, हनुवटी आत गेलेली, त्यामुळे दातांना जागा नव्हती आणि ते एकमेकांवर चढले होते. गुडघे पुरते सरळ होत नसत, म्हणून ती थोडी वाकून, पाय फाकवून चाले. जन्मली तेव्हा ती इतर मुलांसारखीच होती, हे तिच्या आईला, केसरबाईला, पक्के आठवत होते. दुसरे वर्ष लागता लागता जावळ गळाले, ते पुन्हा आलेच नाही.

तिच्या जन्माआधी काही महिने पुंजाजीची आई, थोरली झुंबरबाई, वारली होती. मुलीला तिचेच नाव ठेवले होते. मुलीचे केस गेले, तोंड आकसले, तेव्हा गावाने दोन गोष्टी एकत्र ठेवल्या आणि म्हातारी परत आली असा निष्कर्ष काढला. पुरावाही मिळाला. पुंजाजीचा चुलतभाऊ उकंडराव साठीचा, गावात मान असलेला माणूस. त्याला या मुलीने एकदा भर चावडीसमोर ‘उकंड्या’ म्हणून हाक मारली. थोरली झुंबरबाईही त्याला तशीच हाक मारीत असे. ही हाक मुलीच्या कानावर घरातच पडली असेल, हे कोणाला सुचले नाही. उकंडरावाने तिथल्या तिथे डोके टेकले आणि तेव्हापासून तो तिला काकू म्हणू लागला.

पुंजाजी तिला ‘माय’ म्हणे. पेरणी कोणत्या वारी करायची हेही तो तिलाच विचारी. तिला शुक्रवार आवडे, कारण शुक्रवारी फुटाणे मिळत. म्हणून पेरणी शुक्रवारी होई. केसरबाईची अडचण वेगळी होती. सासूचे नाव सुनेने घ्यायचे नसते. मुलीला तिने कधी नावाने हाक मारली नव्हती. चारचौघांत ती तिला ‘आत्याबाई’ म्हणे, म्हणजे सासूला म्हणतात तसे. घरात नुसते ‘बाई’.

वेचणी सुरू करण्याआधी शेतात सीतादही करतात. शेताच्या कडेला, धुऱ्याजवळ खडे मांडून त्यांना हळदकुंकू वाहायचे, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि घरातल्या वडील बाईने पहिले बोंड तोडायचे. पुंजाजीच्या घरात हे पहिले बोंड झुंबर तोडी. मागच्या साली तिने तोडले आणि कापूस भरपूर झाला. त्या साली तो सगळ्यांनाच भरपूर झाला होता. पण तिच्या पाया पडून वेचणी सुरू केलेली बाई वर्षभर आजारी पडत नाही, असे गावात ठरून गेले. म्हणून ढग जमत असताना गावातले इतर लोक बायांच्या दारात उभे होते आणि पुंजाजी बैलांची शिंगे धूत होता.

हेच दिवस भुलाबाईचे. संध्याकाळी मुली घरोघर जात. मातीच्या भुलाबाईपुढे गाणी झाली की त्या घरची मुलगी झाकलेला डबा पुढे धरी आणि खडखडवी. आतला खाऊ ओळखल्याशिवाय तो हातावर पडत नसे. उकंडरावाचे घर शेजारीच, मधे एक कमरेएवढी भिंत. त्या संध्याकाळी तिकडे गाणी संपली आणि उकंडरावाची नात विमल डबा वाजवू लागली.

“गोड का तिखट?” मुली ओरडल्या.

“गोड!”

“कडक का नरम?”

“कडक. पन लई कडक नाई.”

“शंकरपाळे!”

“नाई!”

“गूळपापडी!” भिंतीच्या या बाजूने एक बारीक, शिट्टीसारखा आवाज आला.

तिकडे डब्याचा खडखडाट थांबला. मग विमल भिंतीशी आली. ती दहा वर्षांची, धिप्पाड आणि नियमांबाबत कडक होती.

“आजी, तू कायले बोलतं वं मधात? आमचा खेळ हाय.”

“मले वास आला,” झुंबर म्हणाली. ती ओट्यावर पोत्याच्या घडीवर बसली होती.

“वासावरून ओळखाचं नसते. अन् म्हाताऱ्या मानसाईनं तं ओळखाचंच नसते.”

“मंग माह्या घरी या. माह्या डब्यातलं ओळखून दाखवा.”

“तुह्या घरी कायले येतीन? तुह्या घरी पोट्टीच नाई. भुलाबाई कोनापाशी बसन?”

विमलच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. तिने वस्तुस्थिती सांगितली होती. मुली हसत पुढच्या घरी गेल्या. झुंबर ओट्यावरून उलटी होऊन, पोटावर सरकत उतरली, कारण तिला तसेच उतरता येई, आणि चुलीपाशी आली.

“माय, विमली म्हनते आपल्या घरी पोट्टी नाई.”

केसरबाई भाकर थापत होती. थापणे थांबले नाही.

“कोजागरीले शेवटची भुलाबाई,” झुंबर म्हणाली. “आपल्या घरी बसव. मी डबा वाजवीन. मले येते. मी रोज वाजवून पाह्यतो.”

“मोठे भाऊजी काय म्हनतीन?”

“उकंड्याले मी सांगतो.”

उकंडराव भिंतीपलीकडे सुपारी कातरत बसला होता. त्याने ऐकले होतेच. तो म्हणाला, “काकू, भुलाबाई लेकरायचा खेळ हाय. तुमी आता शेताचं पाहा. परवा सीतादही. बाया तुमच्या नावानं येऊन राह्यल्या.”

झुंबर रडली नाही. रात्री मात्र तिचा खुबा दुखला आणि छातीत धाप लागली. अशी धाप तिला दोन महिन्यांपासून लागत होती. पुंजाजीला सकाळी मलकापूरला जाऊन कापसाची गाठोडी बांधायला आणि झाकायला तागाची जाड चवाळी आणायची होती. केसरबाईने बैलबंडीत पोते अंथरले, मुलीला आणून ठेवले आणि स्वतःही चढून बसली.

“तू कुठी?” पुंजाजीने विचारले.

“डाक्टरकडे.”

“म्हातारपनाले डाक्टर काय करन?”

केसरबाई बंडीतून उतरली नाही.

मलकापूरच्या फाटकापाशी गाडी जायची होती म्हणून बंडी थांबली. झुंबर जुवाच्या बाजूला सरकली. इंजिन आले, आणि पाठोपाठ डब्यांची इतकी लांब रांग आली की हात हलवता हलवता शेवटचा डबा जाईपर्यंत तिचा एक हात दमला आणि तिला दुसरा वर करावा लागला. तिच्या ओरडण्याने बैल बुजले. “आपल्या गावाहून मोठी हाय!” ती म्हणाली. ही तुलना लांबीपुरती बरोबर होती.

डॉक्टर तरुण होते. नागपूरला शिकून नुकताच दवाखाना टाकला होता. त्यांनी झुंबरला पाहिले आणि लेखणी खाली ठेवली. कंपाउंडरने तिला पाहिले आणि हात जोडले.

“हात कसले जोडतोस? वजनकाटा आण,” डॉक्टर म्हणाले. मग केसरबाईकडे वळले. “मुलीचं नाव?”

केसरबाईने नवऱ्याकडे पाहिले.

“अहो, नवऱ्याचं नाही, मुलीचं नाव विचारतोय.”

“ते तिच्या सासूचं नाव हाय, साहेब,” पुंजाजी म्हणाला. “ते घेत नाई. झुंबर.”

डॉक्टरांनी झुंबरला मेजावर उभे केले, झगा काढायला लावला, उंची घेतली, डोक्याचा घेर घेतला, कोपर हळूच वाकवून पाहिले, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकले. खिडकीत माणसे गोळा झाली होती. झुंबरने दोन्ही हात छातीशी धरले. केसरबाई उठली आणि आपल्या पदराने खिडकी झाकून उभी राहिली. डॉक्टरांचे तिकडे लक्ष नव्हते. त्यांचे कान लाल झाले होते. ते आतल्या खोलीत गेले आणि एक जाडजूड पुस्तक उघडूनच घेऊन आले.

“हे पाहा! मी म्हटलंच! सबंध जगात अशी मुलं बोटांवर मोजण्याइतकी नोंदली गेलीत. आमच्या मास्तरांनीसुद्धा असं मूल डोळ्यांनी पाहिलेलं नाही!”

पुस्तकात एक काळापांढरा फोटो होता. झुंबरने झगा अंगात घालता घालता मान वाकवली आणि तीही तितकीच उत्तेजित झाली.

“माय! हे पोट्टं माह्यासारखं हाय! टक्कल पाह्य! दात पाह्य! कोनत्या गावचं हाय, डाक्टर?”

“विलायतेचं.”

“त्याच्याही घरची आजी मेली होती का?”

डॉक्टरांनी फोटोखालचा मजकूर वाचला. “ते पुस्तकात दिलेलं नाही,” ते म्हणाले.

पुंजाजी फोटोकडे पाहत राहिला. विलायतेतल्या कोणा कुटुंबाची म्हातारी, मुंडण केल्यासारखी, पोराच्या विजारीत उभी आहे असे त्याला वाटले. त्याने आणखी वाकून पाहिले. तो मुलगाच होता.

डॉक्टरांनी पुंजाजीला बाहेर पडवीत नेले. त्यांचा उत्साह आता ओसरला होता आणि ते शब्द निवडून बोलत होते. हा एक रोग आहे, ते म्हणाले. याला प्रोजेरिया म्हणतात. जन्मजात असतो, कशाने होतो ते आज कोणालाही माहीत नाही. आईबापांचे काही चुकलेले नसते. शरीर लवकर झिजते: कातडी, हाडे, रक्तवाहिन्या. बुद्धी झिजत नाही. “तुमची मुलगी म्हातारी नाही. ती नऊ वर्षांची मुलगी आहे. तुमच्या आईचा यात काहीही संबंध नाही.”

कारण कळायला आणखी चाळीस वर्षे लागायची होती. मूल घडते तेव्हाच पेशीतल्या लांबलचक मजकुरात एका अक्षराच्या जागी दुसरे बसते, बहुतेक वेळा निव्वळ योगायोगाने, एवढेच ते कारण आहे.

“औषध?” पुंजाजीने विचारले.

“दुखण्यावर देतो. रोगावर नाही.”

“मंग... कवालोक?”

“पुस्तकातली बरीचशी मुलं तेरा-चौदापर्यंत जगली. काही कमी, काही जास्त. हृदय थकतं.”

केसरबाई दारात उभी होती. डॉक्टरांना ती दिसली तेव्हा वाक्य पूर्ण झाले होते.

परतताना बंडी मोताळ्याच्या वाटेला लागली. नव्या चवाळ्यांच्या घडीवर झुंबर बसली होती.

“डाक्टर काय म्हने?” तिने विचारले.

केसरबाई म्हणाली, “तू नऊ वर्साची हायेस म्हने.”

“ते तं मले मालूम होतं. त्याच्यासाठी एवढ्या दूर कायले आनलं?”

पुंजाजी पुढे तोंड करून हसला आणि मग त्याच्या खांद्यांची हालचाल बदलली. बैल आपोआप चालत राहिले. आई एकदा स्मशानात पोचवून झाली होती; आता ती दुसऱ्यांदा, तेही दवाखान्याच्या पडवीत, त्याच्याकडून काढून घेतली गेली होती. आणि तिच्या जागी त्याला जे मिळाले होते ते फार वर्षे टिकणारे नव्हते.

“झुंबर,” केसरबाई म्हणाली.

मुलीने चमकून मागे पाहिले. कोण बोलले ते तिला आधी कळले नाही.

“कोजागरीले आपल्या घरी भुलाबाई बसन.”

“केसर!” पुंजाजी वळला. “अन् उद्याची सीतादही?”

“ते बी करा.”

“पोट्टी म्हनून बसवली तं बाया तिच्या पाया पडतीन का? पाया नाई पडल्या तं आपल्याच वावरात कायले येतीन? ढग पाह्य तिकडं! वर्साचा कापूस हाय.”

“मले ढग दिसतेत. तिच्या किती भुलाबाई राह्यल्या, ते बी दिसते.”

“मी कोठं नाई म्हनतो? येचनी होऊ दे. पुढच्या साली बसव.”

“पुढच्या साली बी कापूस फुटनच.”

पुंजाजीने पुढे वळून बैल हाकले. झुंबर चवाळ्यावर आडवी झाली होती. डोळे मिटलेले होते, पण ओठ हलत होते. ती कसला तरी हिशेब जुळवत होती. बाप म्हणतो बाया आजीसाठी येतात. आई म्हणते भुलाबाई पोट्टीसाठी बसते. दोन्ही एकदम कसे होईल, हा प्रश्न बंडीतल्या दोन मोठ्या माणसांनी सोडून दिला होता. तिने सोडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडला. हवा अंगाला चिकटू लागली. पश्चिमेचे ढग खालून निळे झाले होते. पुंजाजीच्या शेतात बाया जमल्या, कमरेला ओट्या बांधलेल्या, कोणाबरोबर पोरीही. विमल आपल्या आईबरोबर आली होती. बौद्धवाड्यातल्या आठ-दहा बाया वेगळ्या उभ्या होत्या. त्यांची म्होरकी जनकाबाई. वाड्यातल्या लोकांनी देव सोडल्याला सहा-सात वर्षे झाली होती, त्यामुळे पूजा संपेपर्यंत त्या बांधाशी थांबत आणि मग वेचायला आपापल्या ओळी, म्हणजे पाती, धरत.

“या ना वं, दहीभात तं घ्या,” एका बाईने हाक मारली.

“भात घेऊ. पाया नाई पडत,” जनकाबाई म्हणाली. “लेकरू हाय ते. दरसाल त्याच्या पायाले तोंड लावता, त्याले गुदगुल्या होत असतीन.”

“होतेत!” झुंबर ओरडली.

उकंडरावाने खडे मांडले. केसरबाईने नैवेद्य ठेवला. झुंबर धुऱ्यावर चवाळ्याच्या घडीवर बसली होती आणि तिच्या मांडीवर घट्ट झाकणाचा एक पितळी डबा होता.

“त्यात काय हाय, काकू?” उकंडरावाने विचारले.

“थांब, उकंड्या.”

तिला उचलून पऱ्हाटीपाशी नेले. तिने पहिले बोंड तोडले, कापूस खड्यांवर ठेवला आणि ती परत घडीवर येऊन बसली. बाया पाया पडायला ओळीने पुढे आल्या. पहिली बाई वाकली तेव्हा झुंबरने पाय आखडून चवाळ्याखाली घेतले आणि डबा दोन्ही हातांनी वर धरला.

“माह्या पाया नाई पडाचं,” ती म्हणाली. तिचा आवाज चिरका होता आणि सगळ्या शेतात गेला. “ओळखा! भुलाबाईचा खाऊ हाय. ओळखलं त्याले भेटन!”

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. वाकलेली बाई वाकलेलीच राहिली.

“काकू!” उकंडराव म्हणाला. “हे काय लेकरावानी!”

“मी लेकरूच हाय. डाक्टरनं सांगतलं. त्याच्या पुस्तकात माह्यासारखं एक पोट्टं हाय, विलायतचं. त्याची आजी मेली नोयती.”

शेवटचे विधान पुस्तकात नव्हते. पण ते इतक्या खात्रीने केले गेले की उकंडराव पुंजाजीकडे वळला. “पुंजाजी, काय ऐकून राह्यलो मी?”

पुंजाजी पांढऱ्या शेताकडे पाहत होता. वर आभाळात गडगडले. त्याने ओठ ओले केले.

“खरं हाय, दादा,” तो म्हणाला. “पोरगी हाय ते माह्यी. बीमार हाय.”

दोन बाया मागे सरल्या. एक कुजबुजली, दुसरीने ओटी सोडली आणि त्या शेजारच्या शिवाराकडे चालू लागल्या. आणखी दोघी त्यांच्यामागे निघाल्या. उकंडराव काठी उचलून बंडीवाटेने निघाला. कुठे चाललो ते त्याने सांगितले नाही. पुंजाजीने जाणाऱ्या पाठी मोजल्या नाहीत, पण त्याचे डोळे त्यांच्यामागे गेले.

तेवढ्यात बांधाकडून जनकाबाईने विचारले, “गोड का तिखट?”

झुंबरचे तोंड उजळले. “गोड नाई!”

“म्हंजे तिखट!” विमल पुढे घुसली. नियमाप्रमाणे चाललेला खेळ तिला सोडवत नव्हता.

“तिखट नाई!”

“खारट?” वाकलेल्या बाईने विचारले. ती आता सरळ झाली होती.

“खारट बी नाई!”

“गोड नाई, तिखट नाई, खारट नाई... अवं माय, आंबट! चिंचा!”

“नाई! आता पुरे.” तिने डबा छातीशी धरला. “एक पात येचून व्हईपर्यंत पुढचं नाई सांगत. ज्याची पात झाली त्यानं येऊन एक इचाराचं.”

हा नियम भुलाबाईत नाही. विमलने तसे म्हटलेही. पण तिच्या आईने तोवर पात धरली होती.

पुढे जे झाले त्याला वेचणी म्हणणे अपुरे आहे. एरवी बाया बोलत, थांबत, पाणी पीत वेचतात. त्या दिवशी हात बोंडांवर असे पडत होते की सुक्या टरफलांनी बोटे सोलून निघाली आणि कोणी पाहिले नाही. पात संपवलेली बाई ओटी गच्च धरून धुऱ्याकडे धावत येई, धापा टाकत प्रश्न विचारी आणि उत्तर घेऊन परत धावे. उत्तर तिच्याकडून दुसरीला, दुसरीकडून तिसरीला शेतभर जाई.

“कडक हाय का?”

“नाई!”

“कडक नाई वं! नरम हाय!”

“नरम बी नाई म्हनते!”

“पातळ असन. बासुंदी?”

“मेली बासुंदी! पुंजाजीच्या घरी बासुंदी?”

“हालवून दाखव!” जनकाबाई म्हणाली. झुंबरने डबा कानाशी नेऊन हलवला. काही वाजले नाही.

“ठासून भरला हाय,” जनकाबाईने निदान केले. “पुरनपोळी!”

“नाई!”

पुंजाजी आणि केसरबाई स्वतः पातीत उतरले होते. पुंजाजी गाठोडी बांधून बंडीत टाकत होता. सोडून गेलेल्या बायांच्या पाती तशाच पांढऱ्या उभ्या होत्या; त्यांच्याकडे पाहायला वेळ नव्हता. शेजारच्या शिवारात गेलेल्यांपैकी एक बाई दुपारी बांधावर आली आणि तिने तिकडूनच विचारले, “ओळखलं का कोनी?”

“नाई अजून!”

“मले मालूम हाय. खोबऱ्याचा कीस!”

“पात येचल्याबिगर इचाराचं नाई!” विमल तिच्यावर ओरडली. नवा नियम आता तिने आपलासा केला होता. ती बाई क्षणभर उभी राहिली, मग बांध उतरून आली आणि सोडलेली एक पात धरली. तिच्यामागून दुसरी आली. बाकीच्या दोघी आल्या नाहीत.

झुंबर ओरडून ओरडून घोगरी झाली होती. कानशिलावरची शीर जोरात उडत होती. केसरबाई मधेच पाणी घेऊन आली, मुलीच्या छातीवर हात ठेवून थांबली. आतले ठोके बोटांना लागत होते. “झुंबर, गप बस जराशी,” ती म्हणाली. ते नाव आजूबाजूच्या बायांनी ऐकले. एकीने जीभ चावली. दुसरी म्हणाली, “अवं, सासूचं नाव...” आणि तिसरी म्हणाली, “लेकीचं हाय वं ते,” आणि परत बोंडांवर वाकली.

पहिले थेंब आले तेव्हा शेताचा खालचा एक कोपरा राहिला होता. बाया धावल्या. ओट्या भरून भरून बंडीत रिकाम्या होऊ लागल्या, पोरी पदरातून कापूस आणू लागल्या. पुंजाजीने चवाळी ताणून बंडी झाकली आणि कडा आत दाबल्या. मग सर कोसळली. कोपऱ्यातला कापूस बोंडांतच भिजला, लोंबू लागला. तो गेला. बाकीचा बंडीत कोरडा होता.

सगळ्या बाया बंडीच्या आडोशाला आणि खाली दाटीवाटीने शिरल्या. झुंबरला जनकाबाईने उचलून पोटाशी धरले होते. कोणाच्या केसांतून पाणी गळत होते, कोणाची बोटे रक्ताळली होती.

“आता सांग,” जनकाबाई म्हणाली. “हारलो आम्ही.”

“हारल्या?”

“हारलो म्हनलं ना! उघड.”

झुंबरने झाकण फिरवले. ते घट्ट होते. तिच्या बोटांना ते जमेना, म्हणून विमलने ओढून काढले. सगळी डोकी वाकली.

डबा रिकामा होता. घासूनपुसून लख्ख.

मग एकीने सावकाश आठवायला सुरुवात केली. “गोड नाई म्हने. तिखट नाई. कडक नाई, नरम नाई...” झुंबरने दिलेले प्रत्येक उत्तर खरे होते. तर्कात कुठेही चूक सापडत नव्हती.

“लबाड!” जनकाबाईने तिचा कान धरला. “लबाड पोट्टी! दिवसभर रिकाम्या डब्याच्या मांगं पळवलं आमाले!” आणि ती इतक्या जोराने हसली की मांडीवरची झुंबर हिंदकळली. मग बंडीखालच्या सगळ्याच बाया हसू आणि बोलू लागल्या: गालगुच्चा घ्या हिचा, बोटं पाह्य माह्यी, अवदसा, केसरबाई, हे असं शिकवलं का लेकीले? केसरबाईने कपाळावर हात मारला, पण तो हात तिने बराच वेळ डोळ्यांवरच ठेवला. पुंजाजी पावसात बैलांपाशी उभा होता. त्याने आत वाकून पाहिले आणि काय झाले ते विचारले. कोणी सांगितले नाही. सांगणारीला हसणे आवरत नव्हते.

एकटी विमल हसत नव्हती. ती डब्याचा तळ बोटाने तपासत होती.

“हे चालत नाई,” ती म्हणाली. “रिकामा डबा वाजवाचा नसते. दंड हाय. उद्या कोजागरीले भुलाबाई तुह्या घरी. दोन खाऊ ठेवाचे. अन् डबा आधी आम्ही उघडून पाहू.”

“उघडून पाह्यला तं ओळखशीन काय?” झुंबर कान सोडवून घेत ओरडली.

“मंग एक जन पाह्यन. बाकीचे ओळखतीन.”

“पाह्यनारी मी ठरवीन. माह्यं घर हाय.”

“तू लबाड हायेस, तू नाई ठरवाचं!”

“अन् तू बी वास घेतं! मी पाह्यलं हाय!”

पाऊस उघडला. बैल जुंपले. बंडीवरच्या कापसाच्या ढिगावर दोघी समोरासमोर बसल्या, मधे डबा, आणि चिखलातून गावात शिरेपर्यंत त्या नियमाचा निकाल लागला नव्हता.